कान तिचा, उत्तरं माझी

माझ्या बायकोच्या, विमलच्या, डाव्या कानाचं काय झालं असं कोणी विचारलं की माझं उत्तर ठरलेलं असतं. मळ काढायला गेलो आणि बिघडला. नातेवाइकांना हेच सांगितलं, दुकानात येणाऱ्यांनाही हेच सांगितलं. ऐकणारा डॉक्टरांच्या नावाने बोटं मोडायचा आणि मी नुसती मान हलवायचो. या उत्तरात खोटं काही नाही. फक्त त्यातला मधला तुकडा मी काढून ठेवला आहे, आणि इतकी वर्षं तो काढूनच ठेवला. पंचाहत्तरी उलटली तरी त्याला हात लावायची हिंमत होत नव्हती.

आता लिहितो आहे त्याला दोन कारणं आहेत. ज्यांच्या घरात कोणाचा कान दुखतो, वाहतो, बंद वाटतो, त्यांना याचा उपयोग व्हावा हे एक. दुसरं कारण शेवटी आपोआप कळेल.

खिशातलं पान

वर्ध्यात माझं कृषी केंद्र होतं. बियाणं, खतं, फवारणीची औषधं. शेतकरी यायचा, शर्टाच्या खिशातून कपाशीचं चुरगळलेलं पान काढून काउंटरवर ठेवायचा. त्याने तोंड उघडायच्या आत मी मागच्या फळीवरून बाटली काढलेली असायची. शेत मी पाहिलेलं नसायचं. पाणी साचतं का, शेजारच्याने काय फवारलं, मुळं कशी आहेत, काही विचारायचो नाही. बहुतेक वेळा जमून जायचं. नाही जमलं तर हवामानावर ढकलता यायचं.

विमल कधीमधी जेवणाचा डबा घेऊन दुकानात यायची आणि थोडा वेळ बसायची. एकदा एक म्हातारा शेतकरी बाटली घेऊन गेल्यावर ती म्हणाली, "तुम्ही त्याले बोलू तं देत जा. पान थोडीच बोलते."

मी हसून म्हणालो की ज्याला पान वाचता येतं त्याला माणसाची गरज नाही. त्या वेळी मला ते वाक्य फार आवडलं होतं.

हे आधी सांगतो आहे कारण तीच सवय मी दवाखान्यात घेऊन गेलो. आमच्याकडे बाई दवाखान्यात गेली की ती स्टुलावर बसते आणि नवरा बोलतो. डॉक्टर विचारतात तिच्याकडे बघून, उत्तर येतं तिच्या बाजूने उभ्या असलेल्या माणसाकडून. यात कोणाला काही वावगं वाटत नाही. मलाही वाटलं नाही.

माझा मळ आणि तिचा कान

विमलचं दुखणं सुरू व्हायच्या आदल्या हिवाळ्यात माझा स्वतःचा कान बंद झाला होता. डॉक्टरांनी थेंब दिले, मग कोमट पाण्याची पिचकारी मारली आणि कानातून काळीभोर गोळी निघून ट्रेमध्ये पडली. त्या क्षणी मला डोक्यावरचा पंखा ऐकू आला. मी ती गोष्ट महिनाभर दुकानात येईल त्याला सांगत होतो. कान म्हणजे मळ आणि मळ म्हणजे पिचकारी, एवढं ज्ञान मला झालं होतं.

नंतर पावसाळ्यात विमल एकदा भाकरी थापताना थांबली आणि म्हणाली, "डाव्या कानातून पाणी येऊन राह्यलं. वासही येते. टीव्ही लांबून बोलल्यासारका वाटते."

"मळ असंन," मी म्हणालो.

"मळाले असा वास नसते जी. हा लहानपणचाच आहे."

लहानपणचा म्हणजे काय, ते मला माहीत होतं. तिला सातव्या-आठव्या वर्षी गोवर निघाला होता, त्यानंतर तिचा डावा कान वाहू लागला. तिची आई रोज रुईचा, म्हणजे कापसाचा, बोळा घालायची, पोहायला जाऊ द्यायची नाही, आणि मुलगी बघायला पाहुणे येणार म्हटलं की बोळा काढून केस त्या बाजूने सोडायची. लग्नाआधी हे आमच्या घरी कोणालाच सांगितलं नव्हतं. विमलनेच मला लग्नानंतर सांगितलं, भीत भीत. मी रागावलो नाही, पण एक वाक्य बोललो: "मले सांगतलं ते सांगतलं, आता कोणाले नको सांगू." माझ्या आईला कळलं असतं तर तिने जन्मभर टोमणे मारले असते, असं मला वाटलं. मी तिची बाजू घेतली अशीच माझी समजूत होती. तिच्या आईने केसांनी झाकलेलं मी माझ्या शब्दाने झाकलं, एवढाच फरक.

तीन दवाखाने

पहिले डॉक्टर आमच्या दुकानाजवळचे. मी विमलला घेऊन गेलो आणि खुर्चीत बसायच्या आधीच म्हणालो, "डॉक्टरसाहेब, हिच्या कानात मळ साचला आहे." त्यांनी बॅटरी मारून पाहिलं, हो म्हणाले, थेंब दिले. दुसऱ्या डॉक्टरांकडे मी हीच टेप वाजवली. त्यांनीही डोकावून पाहिलं, काळसर खपली दिसली, ती कडक मळाची आहे म्हणाले, वेगळे थेंब दिले. विमल दोन्ही ठिकाणी एक शब्द बोलली नाही. तिला कोणी विचारलं नाही आणि मी जागा सोडली नाही.

नंतर अनेकांनी मला सांगितलं की त्या डॉक्टरांना कळायला हवं होतं. असेलही. कानात नुसती बॅटरी मारून खपलीमागचं दिसत नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार. पण गिऱ्हाईक दुखणं आणि औषध दोन्ही सोबत घेऊन येतं तेव्हा गर्दीच्या वेळी काय होतं, हे मला काउंटरच्या आतल्या बाजूने माहीत आहे.

वास वाढला. विमल झोपताना उशीवर वेगळा फडका घालू लागली. डोकं कानामागे ठणकतं म्हणायची. मी म्हटलं, थेंबांनी काय होणार आहे, पिचकारीच मारायला पाहिजे.

तिसरा दवाखाना सिंदी मेघेला, आमच्या घराजवळचा. नवीन डॉक्टरीणबाई होत्या, तिशीच्या आतल्या. एकच खोली, मध्ये हिरवा परदा. परद्याच्या आत तपासणी, बाहेर बाकावर पेशंट. आतलं बोलणं बाहेर ऐकू येतं आणि बाहेरचा खोकला आत.

त्या दिवशी बाहेरच्या बाकावर कुंदाबाई बसल्या होत्या.

परद्याबाहेरची बाई

कुंदाबाई पुलगावच्या. त्यांच्या मुलाशी आमच्या रूपालीचं बोलणं चाललं होतं. रूपाली आमची एकुलती एक. मुलाने मुलीला पाहिलं होतं, पसंती कळली होती, बैठक व्हायची राहिली होती. कुंदाबाईंची बहीण सिंदी मेघेला राहते, तिच्याकडे त्या आल्या होत्या आणि बीपी तपासायला नेमक्या त्याच दवाखान्यात आल्या. आम्ही नमस्कार केला. त्यांनी विचारलं, "कोणाले बरं नाई?" मी म्हणालो, काही नाही, जरासा मळ.

आत गेल्यावर विमल स्टुलावर बसली. मी तिच्या डाव्या बाजूला उभा होतो. डॉक्टरीणबाईंनी दुर्बिणीसारख्या छोट्या दिव्याने बराच वेळ पाहिलं. आधीच्या दोघांपेक्षा जास्त वेळ. त्या तशाच वाकलेल्या, तिच्या डाव्या कानाशी, आणि तशाच वाकून त्यांनी विचारलं, "कान कधी वाहिला होता का? लहानपणी, किंवा आता? पडदा फुटला होता का?"

मला परद्याखालून कुंदाबाईंच्या चपला दिसत होत्या.

आईचा कान वाहतो म्हणजे मुलीचाही वाहणार, हे लोक धरून चालतात. खरं-खोटं कोणी तपासत नाही. बैठकीच्या आधी एवढा एक शब्द परद्याबाहेर गेला की पुरे होतो.

"नाही," मी म्हणालो. "कधीच नाही."

जरा मोठ्यानेच म्हणालो. डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे बघितलं. विमलने मान थोडी वळवली. मला वाटलं, मान अवघडली असेल. प्रश्न तिच्या वाईट कानाशी विचारला गेला होता, हळू आवाजात, वर पंखा खडखडत होता. तिला तो ऐकू गेला की नाही, माझं उत्तर ऐकू गेलं की नाही, हे मला त्या क्षणी कळलं नाही. पुढे कितीतरी वर्षं कळलं नाही. आजाराच्या भीतीबद्दल लोक लिहितात. मला त्या आजाराची भीती होतीच, पण ही दुसरी भीती जास्त काळ टिकली.

मग कोमट पाणी आलं. स्टीलची पिचकारी, विमलच्या खांद्यावर टॉवेल, तिच्या हातात ट्रे. पहिल्या धारेला ती कळवळली. दुसऱ्या धारेला ट्रे तिच्या हातातून पडला आणि ती स्टुलावरून माझ्या अंगावर आली. तिचे डोळे एका बाजूला झटके देत होते. तसे डोळे मी माणसाचे कधी पाहिले नव्हते.

"मले धरा," ती म्हणत होती. मी धरलेलंच होतं. "धरा ना, मी पडून राह्यली."

डॉक्टरीणबाईंनी ताबडतोब पिचकारी खाली ठेवली, तिला आडवं केलं, इंजेक्शन दिलं. मला म्हणाल्या, हिला आजच कानाच्या डॉक्टरांकडे न्या, सेवाग्रामला न्या, थांबू नका. चिठ्ठीही लिहून दिली. परद्यातून कुंदाबाईंनी आत डोकं घातलं आणि विमलचे पाय चोळायला बसल्या.

चहा

मी त्या दिवशी नेलं नाही. चक्कर आहे, गोळ्यांनी उतरेल असं वाटलं. खरं सांगायचं तर मला भीती होती की तिथे पुन्हा तोच प्रश्न विचारतील.

विमल घरी भिंतीला धरून चालायची. संडासला जाताना रूपाली तिच्या मागे आणि मी पुढे. डोळे मिटले की खाट उलटी होते म्हणायची, म्हणून डोळे मिटायला घाबरायची. उलट्या थांबल्या, पण कानामागचा ठणका थांबला नाही. अंगात कणकण होती. तरी ती म्हणायची, "तुम्ही दुकानात जा, मी हाओ ना इथं." मी जायचो. दुकानात कोणी पान काढून ठेवलं की माझा हात फळीकडे जायचा आणि अर्ध्यात थांबायचा.

एके सकाळी आम्ही तिघं चहा पीत होतो. विमलने घोट घेतला आणि चहा तिच्या ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून हनुवटीवर, हनुवटीवरून लुगड्यावर सांडला. तिला कळलंच नाही. रूपाली हसली, म्हणाली, "आई, लहान पोरासारकी काऊन पितं वं?" विमलही हसली. आणि हसताना तिचा अर्धाच चेहरा हसला.

रूपालीच्या हातातली बशी खाली गेली. मी विमलला म्हणालो, डोळे मीट. उजवा मिटला. डावा उघडाच राहिला आणि त्यातलं बुबुळ वर सरकलं, नुसतं पांढरं दिसलं. माझ्या आयुष्यात मी सापाला, विजेला, विहिरीला भ्यालो आहे. त्या पांढऱ्या डोळ्याइतकं कशालाच भ्यालो नाही.

शेजारी जमले. लकवा आहे म्हणाले. एकाने कुठल्याशा गावचा तेल चोळणारा सांगितला, गाडीही बघायला निघाला. मीही क्षणभर तयार होतो, कारण लकवा म्हणजे कान नाही आणि कान नाही म्हणजे तो प्रश्न नाही. रूपालीने ऐकलं नाही. तिने ती चिठ्ठी शोधून काढली, ऑटो बोलावला आणि आईला घेऊन बसली. मी मागून चढलो.

मळ नव्हताच

सेवाग्रामला कानाच्या डॉक्टरांनी विमलला मोठ्या सूक्ष्मदर्शकाखाली झोपवलं. नळीने थोडी थोडी खपली ओढून काढली. पाणी वापरलं नाही. मग बाहेर येऊन मला बाजूला घेतलं. वयाने मोठे होते, सावकाश बोलायचे.

ते म्हणाले, ही खपली मळाची नव्हती. कानाच्या पडद्याला जुनं भोक होतं, तिथून कातडी आत वाढत गेली, तिचा गोळा झाला, आणि तो गोळा वर्षानुवर्षं हाड खात आला. चेहऱ्याची नस त्याच हाडातून जाते, तोल सांभाळणारा भागही तिथेच, आणि त्याच्या वर मेंदूचं आवरण. स्कॅन करू. ऑपरेशन करावं लागेल.

"मेंदूपर्यंत गेलं असंन काय?" मी विचारलं.

"स्कॅन बघू," ते म्हणाले. नाही म्हणाले नाहीत.

मग त्यांनी विचारलं, कान आधी वाहायचा का. आम्ही दोघंच होतो. मी म्हणालो, हो, लहानपणापासून. त्यांनी चष्मा काढला. "मग पाणी मारणाऱ्यांना हे सांगितलं नव्हतं? असा कान असला की पाणी मारत नाहीत."

आणि मी म्हणालो, "त्यांनी विचारलंच नाही."

पहिल्या खोट्याला निदान कारण होतं. याला काहीच नव्हतं. ते आपोआप तोंडातून निघालं, जसा हात फळीकडे जातो तसा. मी वळलो तर रूपाली मागे उभी होती, हातात पाण्याची बाटली. तिने ऐकलं होतं.

ती त्याच दुपारी सिंदी मेघेच्या दवाखान्यात गेली आणि बाकावरच्या सगळ्या पेशंटांसमोर डॉक्टरीणबाईंना वाट्टेल ते बोलली. परत आली तेव्हा तिचा आवाज बसला होता. मला म्हणाली, "बाबा, ते म्हणते का मी विचारलं होतं. म्हणते, तुमच्या बाबाले विचारा. तिनं विचारलं होतं काय?"

"मले आठवत नाई," मी म्हणालो.

रूपालीने माझ्यावर विश्वास ठेवला. पुढे त्या दवाखान्यात पेशंट कमी झाले, आणि काही काळाने त्या बाई गाव सोडून गेल्या. त्याच कारणाने गेल्या असं मी म्हणत नाही. पण मी त्या रस्त्याने जाणं सोडलं होतं, आणि पाटी निघाल्याचं कळलं तेव्हा मला हलकं वाटलं, हेही लिहून ठेवतो.

वॉर्ड

स्कॅनमध्ये आवरण शाबूत दिसलं. गोळा अगदी कडेला आला होता, पण आत गेला नव्हता. ऑपरेशनच्या आधी सही करायची होती. काय काय होऊ शकतं ते डॉक्टरांनी वाचून दाखवलं: ऐकू न येणं, चेहरा तसाच राहणं, तोल, मेंदूज्वर, मृत्यू. मी ऐकत होतो आणि प्रत्येक शब्दाला मला परद्याखालच्या चपला दिसत होत्या.

विमलने विचारलं, "काय लिवलं हाय त्याच्यात?"

"काही नाही, नेहमीचंच," मी म्हणालो. त्याही वेळी उत्तर मीच दिलं.

बायकांच्या वॉर्डात पुरुषांना ठरावीक वेळीच जाऊ देत. एरवी मी बाहेर कडुलिंबाखाली बसायचो. वॉर्डाचा दिवस सकाळच्या झाडूने सुरू व्हायचा, मग फिनाइलचा वास, मग इंजेक्शनची ट्रॉली, मग राउंड. राउंडच्या वेळी आतून डॉक्टरांचा आवाज यायचा आणि मी कान देऊन बसायचो. विमलच्या खाटेशी ते जास्त वेळ थांबले तर वाईट, लगेच पुढे गेले तर तेही वाईट.

तिच्या डोक्याला पांढरी मोठी पट्टी होती. डावा डोळा कोरडा पडू नये म्हणून थेंब घालून पापणी चिकटपट्टीने मिटवायची, ते सिस्टरांनी रूपालीला आणि मला शिकवलं. मी पट्टी लावताना विमल उजव्या डोळ्याने माझ्याकडे बघत राहायची. त्या बघण्याचा अर्थ मला लागायचा नाही. रोज वाटायचं, आता विचारेल. ती म्हणायची, "जेवले काय?"

शेजारच्या खाटेवर देवळीकडची एक आजी होती. तिचा घसा बिघडलेला, आवाज निघायचा नाही. विमलला डावीकडून ऐकू यायचं नाही. दोघी दिवसभर हातवाऱ्यांनी बोलायच्या आणि हसायच्या. विमलचा अर्धा चेहरा हसायचा, आजी आपल्या बोटाने तिचा दुसरा ओठ वर उचलून द्यायची. वॉर्डभर हशा पिकायचा. बाहेर झाडाखाली तो हशा ऐकला की माझा दिवस जायचा.

डबा कुंदाबाई आणायच्या. बैठक झालेली नव्हती, नातं जुळलेलं नव्हतं, तरी बहिणीच्या घरून रोज ज्वारीची भाकरी आणि पातळ वरण घेऊन यायच्या. एकदा झाडाखाली माझ्यासमोर डबा ठेवून त्या सहज म्हणाल्या, "माह्याही कान वाहते, पावसाळ्यात. विमलताईचं पाहून मी बी दाखवून घेतलं आता. डॉक्टर म्हणे बरं केलं आल्या."

भाकरीचा घास माझ्या हातातच राहिला. त्या म्हणाल्या, "खा ना जी. वरण निवून राह्यलं."

रूपालीचं लग्न त्याच घरात झालं. सुखात आहे.

एवढं लक्षात ठेवा

मी डॉक्टर नाही. पण त्या मोठ्या डॉक्टरांनी मला जे समजावलं ते माझ्या भाषेत सांगतो.

कान बंद वाटला म्हणजे मळच असतो असं नाही. वास येत असेल, पाणी किंवा पू येत असेल, चक्कर येत असेल, एका कानाने कमी ऐकू येत असेल, तर कानाच्या डॉक्टरांकडून सूक्ष्मदर्शकाखाली बघून घ्या. थेंबांनी पुन्हा पुन्हा तात्पुरतं बरं वाटत असेल तर तेवढ्यावर भागवू नका. कान कधीही वाहिला असेल, पडदा फुटला असेल, कानाचं ऑपरेशन झालं असेल, तर पिचकारीच्या आधी ते सांगा, कोणी विचारो न विचारो. घरी तेल, लसणाचं तेल, काडी, पिन काही घालू नका. मळ थोडाफार असतोच आणि बहुतेक वेळा आपला आपण बाहेर येतो. चेहरा वाकडा झाला तर तेल चोळायला नेऊ नका, त्या दिवशीच मोठा दवाखाना गाठा.

डॉक्टरांनी मला हेही सांगितलं की आजार जुना होता, पाण्याने तो निर्माण केला नाही. ऑपरेशन कधी ना कधी लागलंच असतं. पण संसर्ग आत ढकलला गेला, आणि मी घरी घालवलेले दिवस त्यात मिळाले. मी खरं सांगितलं असतं तर डॉक्टरीणबाईंनी पिचकारी हातात न घेता चिठ्ठीच लिहिली असती. चेहरा वाचला असता. ऐकणंही थोडंफार वाचलं असतं.

आणि एक. ज्याचं दुखणं आहे त्याला बोलू द्या. तुम्ही बाहेर जाऊन बसा.

मशीन

विमलचा चेहरा हळूहळू परत आला, पुरता नाही. फोटोत ती उजवी बाजू पुढे करते. डावा कान गेला तो गेलाच. इतकी वर्षं तिने उजव्या कानावर काढली. घरात मी तिच्या डाव्या बाजूला बसायचो. आधी सवय म्हणून, नंतर मुद्दाम. त्या बाजूने मी तिला कितीतरी वेळा सगळं सांगितलं आहे. टीव्ही चालू असताना, ती भाजी निवडताना. ओठही फारसे हलू न देता. तिला काहीतरी जाणवायचं, ती वळून विचारायची, "काई म्हटलं काय?" मी म्हणायचो, "दूधवाला आला वाटते."

यंदा उजव्या कानालाही कमी ऐकू येऊ लागलं. ते वयाचं. ऐकण्याचं मशीन लावायचं ठरलं आणि आम्ही दोघं तपासणीला गेलो. काचेच्या खोलीबाहेर एक तरुण मुलगी माहिती विचारत होती. मी खुर्ची ओढून पुढे बसलो. तिने माझ्याकडे बघून विचारलं, "आजोबा, आजींना आधी कानाचा काही त्रास होता का?"

मी तोंड उघडलं. विमलने माझ्या हातावर हात ठेवला.

"मले विचार बाई," ती म्हणाली. "यायले नको विचारू. हे नाई म्हणतीन."

मुलगी हसली. नवरा-बायकोची थट्टा आहे असं तिला वाटलं. विमलही हसली, तिच्या अर्ध्या चेहऱ्याने. मग तिने सगळं सांगितलं. गोवर, रुईचा बोळा, केस सोडणं, वास, पिचकारी. एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. तिला इतकं सलग बोलताना मी दवाखान्यात पहिल्यांदाच ऐकलं. मी ऐकत होतो आणि माझ्या पायाखालची फरशी हलत होती, तिला त्या दिवशी हलली असेल तशी.

म्हणजे तिला ऐकू गेलं होतं. प्रश्नही आणि उत्तरही. हिरव्या परद्याच्या आत, वाईट कानाने, पंख्याखाली. आणि ऐकूनही तिने ट्रे हातात धरला होता.

मशीन लावून आम्ही बाहेर पडलो, फाटकाजवळ ऑटोची वाट बघत उभे राहिलो. तिला सगळंच मोठ्याने ऐकू येत होतं. म्हणाली, "ह्या चिमण्या एवढ्या भांडते काय?" मी तिच्या उजव्या बाजूला जाऊन उभा राहिलो. म्हणालो, "आयक ना."

तिने माझ्याकडे बघितलं. मग हळूच मशीन कानातून काढलं, डबीत ठेवलं, डबी पिशवीत टाकली, आणि पदर सारखा करून म्हणाली, "बोला आता."

मशीनशिवाय तिच्याशी मोठ्याने बोलावं लागतं. बाजूला कितीतरी माणसं उभी होती. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिलो आणि ती माझ्या ओठांकडे. समोरून ऑटो आला.

"ऑटो आला," मी म्हणालो.

ती पेपर वाचते, चष्मा लावून, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत. हेही छापून आलं की वाचेल. तिथे फाटकाजवळ जे बोलायचं होतं ते एवढंच होतं:

विमल, त्या डॉक्टरीणबाईनं तुले विचारलं होतं. मी नाई म्हणून सांगतलं. परद्याबाहेरच्या बाईले भ्यालो, अन् तुह्यासाठी भ्यावं लागत होतं तवा भ्यालो नाई. मंग तीनदा खोटं बोललो. माहं चुकलं. मले माफ कर.